आधी शिकवणाऱ्यांची शाळा

(दृश्य : समाजमंदिराचा हॉल. सतरंजीवर तरुण मुलंमुली, काही निवृत्त मंडळी. प्रत्येकाच्या हातात एक कागद.)

ही सगळी शिकलेली माणसं आहेत. बी.कॉम. झालेला मुलगा आहे, डी.एड. करणाऱ्या दोन मुली आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. पण हातातल्या कागदावरची एक ओळही कुणाला वाचता येत नाहीये. भाषा मराठीच आहे, फक्त लिपी मोडी.

प्रशिक्षक ताई मुद्दाम घाई करतात. ‘अहो, सोपं आहे! वरच्या ओळीत आलं होतं की हे अक्षर. एवढ्यात विसरलात?’ काका कागद डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, शेजारच्याच्या कागदात डोकावतात आणि शेवटी चष्म्याला दोष देतात. कॅमेरा त्यांच्यावर जरा जास्तच रेंगाळलाय, पण काकांची हरकत नाही.

नाशिकमध्ये सातपूरच्या कामगार वस्तीत हे प्रशिक्षण चालतं. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला आणि कामापुरतं इंग्रजी शिकवायला निघालेले हे स्वयंसेवक. अजून एकही जण वर्गावर गेलेला नाही. आधी स्वतः अडायचं, मग दुसऱ्याला शिकवायला जायचं, हा ताईंचा नियम.

(दृश्य : फळा, खडू, भिंतीवर फुले दांपत्याची तसबीर.)

या कामात हौशी माणसांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, २००९ ला साक्षर भारत, आणि २०२२ पासून उल्लास हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम. उल्लासमध्ये पंधरा वर्षांपुढच्या कुणाही असाक्षराला शिकता येतं आणि शिकवणारा असतो स्वयंसेवक, बिनमानधनाचा. त्याच्या हातात पुस्तिका येते, ॲप येतं. पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला शिकवायचं कसं? मग तो आपल्या पहिलीच्या बाई आठवतो आणि तशीच बाराखडी घोकून घेतो. दिवसभर कंपनीत राबून आलेली बाई क, का, कि, की म्हणते. पुढच्या आठवड्यात ती येत नाही, आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, ‘उत्साह नाही’.

अमेरिकेत सिरॅक्यूज शहरात रुथ कोल्विन नावाच्या बाईंनी हे फार आधी ओळखलं. १९६२ मध्ये त्यांनी घराच्या तळघरातून साक्षरता स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. वाचनतज्ज्ञांना गाठलं, त्यांच्याकडून शिकून घेतलं आणि स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षणच बांधून काढलं. पुढे इंग्रजी नवी असणाऱ्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. २०२४ मध्ये, वयाच्या १०७ व्या वर्षी त्या गेल्या. शिकणाऱ्याचंच बोलणं लिहून घ्यायचं आणि त्यावरच वाचन शिकवायचं, ही त्यांच्या प्रशिक्षणातली एक रीत. सातपूरच्या सतरंजीवर नेमकं तेच चाललंय.

(दृश्य : वही, पेन, दोन हात. जवळून.)

सरावासाठी आज वस्तीतल्याच एक आजी आल्यात. माहेर बागलाणातलं, बोली आहिराणी. समोर बसलेल्या मुलीनं विचारलं, ‘आजी, घरी कोण कोण?’ आजी म्हणाल्या, ‘मन्ही नात शाळामा जास.’ मुलीनं वहीत लिहिलं, ‘माझी नात’. ताईंनी तिथंच तिचं पेन धरलं. खोडायला लावलं.

(ध्वनी : ताई – ‘त्या बोलल्या तेच लिही. दुरुस्ती तुझी, वाक्य त्यांचं.’)

पुन्हा लिहिलं. मन्ही, नात, शाळामा, जास. एकेका शब्दावर आजींचं बोट ठेवलं. वाक्य त्यांचंच असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे. डोळ्यांनी फक्त तो गाठायचाय. मग शब्दांच्या चिठ्ठ्या कापल्या, उलटसुलट केल्या. ‘नात’ त्यांनी लगेच उचलला. त्यातला ‘न’ वेगळा काढला, त्याला ‘ळ’ जोडून झाला ‘नळ’. बाराखडी येते, पण ती अशी, मागच्या दारानं.

‘जास’वर मात्र आजी अडल्या. ताईंनी आधी विचारलं, ‘आजी, नीट दिसतंय का?’ दिसत नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, हे या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. सुईत दोरा ओवायला द्यायचा. ओवता आला नाही, तर आधी चष्मा, मग अक्षर.

(दृश्य : भाजीची गाडी, तराजू.)

पावणेचार किलो कांदा, छत्तीस रुपयांनी. बी.कॉम. झालेला मुलगा मोबाइल काढेपर्यंत भाजीवाल्या मावशी सांगून मोकळ्या : एकशे पस्तीस. मावशींना १३५ लिहिता येत नाही. हिशेब शिकवायला त्यांच्याकडे जाणं हा आगाऊपणा ठरेल. त्यांना फक्त आकडे दाखवायचे आहेत.

(दृश्य : द्राक्षांचं पॅकहाऊस. पनेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या, भरणाऱ्या बायका. बॉक्सवरची लेबलं.)

इंग्रजी इथून सुरू होतं. कुठला माल कुठल्या बॉक्सात, हे या बायका लेबलच्या रंगावरून ओळखतात. रंग बदलला की सुपरवायझरला हाक. लेबलं आणि पाट्या बहुतेक मोठ्या लिपीत असतात, म्हणून इथे मोठी एबीसीडी आधी, छोटी नंतर. काळ, क्रियापदं वगैरे सध्या कपाटात. एटीएम, ओटीपी, पीएफ हे शब्द सगळ्यांच्या तोंडात आहेतच. त्यातली अक्षरं आधी घ्यायची.

(दृश्य : हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गेट.)

काका झालेत वॉचमन, डी.एड.वाली मुलगी झालीय पाहुणी. ती फाडफाड इंग्रजी बोलते. काकांना तीनच वाक्यं वापरायची आहेत : वेट प्लीज, व्हिच फ्लॅट, साइन हिअर. काकांचा आक्षेप, ‘व्हिच फ्लॅट’ हे व्याकरणात पूर्ण वाक्य होत नाही.

(ध्वनी : ताई – ‘गेटचं काम होतं ना?’)

मागच्या तुकडीतले स्वयंसेवक आता वर्ग घेतात. त्यांच्याकडे शिकलेले काही जण उल्लासच्या चाचणीला बसले. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुणांचे तीन भाग. बरेचसे पास झाले, बँकेत सह्या करू लागले.

(दृश्य : बाग. कात्री, क्रेट, ट्रॅक्टर.)

हंगामात वर्ग ओस पडतात. ऑक्टोबरात छाटणी, जानेवारीपासून खुडा. बायका पहाटे जीपमध्ये बसतात, अंधार पडल्यावर उतरतात. अशा वेळी ‘काल का नाही आलात’ हा प्रश्न स्वयंसेवकानं विचारायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. रात्री एक फोन करायचा आणि वर्ग हंगामापुरता रविवारवर न्यायचा. प्रशिक्षणाची पुढची तुकडी माल उरकल्यावर, एप्रिलच्या शेवटी बसेल. दहावी झालेलं कुणीही चालतं. वेळेवर येणारं हवं, आणि ताई म्हणतात तसं, शिकवायची फार घाई नसलेलं.