जेट बदलण्याआधी

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘प्रीमियर पद्मिनी गाडीला पिकअप नाही, मोठा जेट टाकू का?’ म्हणून आज त्यावरच बोलतो. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, पेट्रोल त्यातूनच मोजून जातं.

आपलं इंजिन 1089 सीसीचं, त्यावर एकच सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. सगळा हिशोब या ओढीचा आहे. म्हणजे गळ्याच्या खाली कुठूनही चोरून हवा शिरली, की हिशोब चुकला. म्हणून आधी थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, दांडा दोन बोटांत धरून वरखाली हलवून बघा. इतकी वर्षं फिरून त्याचं भोक लंबगोल झालेलं असतं. दांडा हलत असेल तर गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, धरणार नाही, वेगात मात्र बरी चालेल. त्याला जेट काय करणार? नवीन बुश बसवून घ्या. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचे संपर्क) आणि ठिणगीचं टायमिंगही त्याआधीच करून ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता जेट. माझ्याच गाडीचं सांगतो. काळा धूर, प्लगवर काजळी, एव्हरेज पार गेलेलं. फ्लोट बदलला, सुई बदलली, काही फरक नाही. शेवटी मेन जेट भिंगाखाली धरला, तर भोकाच्या कडेला बारीक ओरखडे दिसले. कचरा काढायला कुणीतरी तार घातली होती. पितळ मऊ असतं हो! जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. 120 चा 125 झाला तर व्यास दिसायला कितीसा वाढला? पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तारेने तेवढं सहज होतं. जेट हवेच्या दाबाने साफ करा, तार कधीच नको.

तरीही मोठा जेट लागण्याचं एक खरं कारण आज आहे, ते म्हणजे ई20. साध्या पेट्रोलच्या 1 भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. 20 टक्के इथेनॉल असलं की सुमारे साडेतेरा पुरते. आपले जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचे, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. इथे एक पायरी वरचा जेट घालून बघायला माझी हरकत नाही. फक्त पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्या.

स्लो सेट करताना इंजिन पूर्ण गरम हवं. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बंद करा, आवळू नका, टोकाला खाच पडते. मग दीड फेरा उघडा. तिथून पाव-पाव फेरा फिरवत कान द्या. इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं चालेल तिथे थांबा, आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने उतरवा. एका वेळी एकच स्क्रू.

यानंतर गाडी खंबाटकी घाटात न्या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण चढ चढू द्या, वर पोचताच सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा. थोडं निवल्यावर चारही प्लग काढून बॉनेटवर ओळीने मांडा. फिकट तपकिरी असतील तर जेट बरोबर. पांढरे असतील तर मिश्रण अजून पातळ आहे, आणखी एक पायरी वर जा. आणि चारांतला एकच पांढरा असेल, तर जेटला हात लावू नका. त्या सिलिंडरपाशी मॅनिफोल्डचं, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग बघा, तिथून हवा शिरत असेल.