डोळ्याखालची फरशी

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. कॉर्नर किक आली, दोघांनी एकदमच उडी मारली. कोपर नेमकं कुठं बसलं ते आमच्या कॅमेऱ्यात नाही. हा मात्र आहे, पेठेतल्या तालमीचा पोरगा. बसल्या बसल्या नाक शिंकरतोय आणि बघता बघता पापणी फुग्यासारखी टम्म.

आठवडा गेला. सूज उतरली, आता बरंच झालं म्हणायचं. पण याची मान बघा. वर बघायचं झालं की डोळ्याऐवजी मान वर जाते. डॉक्टरांनी हनुवटी धरली, नुसता डोळा वर करायला सांगितला. उजवा गेला, डावा निम्म्यातच थांबला. "सर, पंखं दोन दिसाय लागल्यात."

ही कवटी खरी आहे. डोळ्याच्या खोबणीत टॉर्च धरला की तळातून उजेड झिरपतो. सात हाडांची खोबण. कडा दणकट, तळ मात्र जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. त्याखाली सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी. मैदानात नाक शिंकरल्यावर पापणीत शिरली ती इथलीच हवा. तळ फुटला, चरबी खाली उतरली आणि डोळ्याचा स्नायू फटीत अडकला. लहान मुलांचं हाड लवचिक. ते पुन्हा मिटतं आणि स्नायूला चिमटा बसतो. डोळा लालही दिसत नाही, पोरगं नुसतं ओकतं, घरचे पोटाचं औषध देतात. तिथं आठवडा थांबून चालत नाही. एक-दोन दिवसांत टेबलावर घ्यावं लागतं.

याचं ऑपरेशन. खालची पापणी पालथी करून आतून छेद. बाहेर टाका दिसणार नाही. चिमट्यानं बुबुळाशेजारी धरून डोळा फिरवला. अडकलेलाच. आता आवाज ऐका. स्नायू ओढला गेला की नाडी मंदावते. बीप लांबला, डॉक्टरांचा हात थांबला.

फुटलेल्या तळावर बसवायची टायटॅनियमची जाळी कात्रीनं कापायची, कवटीच्या मॉडेलवर बोटानं वाकवायची, लावून बघायची, परत कापायची. हा भाग आम्ही मुद्दाम कमी केला नाही. जाळीची मागची कड शाबूत हाडावर टेकायला हवी आणि त्याच्या पलीकडं लगेच डोळ्याची नस. पुढं दोन बारीक स्क्रू. परत चिमटा. डोळा मोकळा फिरला.

हंगाम गेला. गाल अजून बधिर आहे.

तालमीचं पटांगण, संध्याकाळ. हा कट्ट्यावर बसून सराव बघतोय. बॉल उंच उडाला. मान जागची हलली नाही.