दोन घरं चुकलेलं दशांश चिन्ह

खालच्या टपरीवर मघाशी घोळका करून उभे होतात ते तुम्हीच ना? असू द्या. चहा सोडा म्हणायला मी आलेलो नाही. मी स्वतः दिवसाला चार कप पितो. मला बोलायचंय ते चहा-कॉफीत असतं त्या कॅफीनच्या पावडरीबद्दल.

2015 मध्ये इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात व्यायामावर कॅफीनचा काय परिणाम होतो, याचा प्रयोग चालला होता. दोन विद्यार्थी आपणहून तयार झाले. द्यायचं होतं 0.3 ग्रॅम. हिशेब मोबाइलवर केला, दशांश चिन्ह दोन घरं सरकलं आणि संत्र्याच्या रसातून दोघांच्याही पोटात गेलं 30 ग्रॅमच्या वर. म्हणजे जवळपास तीनशे कप कॉफी. अतिदक्षता विभाग, डायलिसिस... वाचले. 2017 मध्ये न्यायालयानं विद्यापीठाला 4 लाख पौंड दंड केला. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आधी तिथं गोळ्या वापरत असत, पावडर नंतर आली. 100 मिलिग्रॅमची गोळी धरली, तर तीनच्या जागी तीनशे गोळ्या मोजाव्या लागल्या असत्या. कुणाचा तरी हात थांबलाच असता! पावडरीला असा हात थांबवणारं कोणी नसतं. जीवघेणी मात्रा साधारण 10 ग्रॅम, म्हणजे शुद्ध पावडरीचे चहाचे तीन चमचे. आकडी येण्याइतकी विषबाधा तर 1200 मिलिग्रॅम झटपट घेतल्यावरही होऊ शकते; तो अर्धा चमचासुद्धा भरत नाही.

कॅफीन शीण घालवत नाही. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या जागेवर बसलं की झोप येते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तशी कॅफीन ती जागा धरतं. अडेनोसिन उभंच असतं, गर्दी वाढतच असते.

धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं; गरोदर बाईला त्याच्या निम्मं. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त 75. एका बाटलीचं मी फारसं मनावर घेत नाही. पण परीक्षेच्या आठवड्यात बाटलीवर कॉफी, डोकं दुखतं म्हणून गोळी (काही गोळ्यांत कॅफीन असतंच), आणि जिममध्ये मित्राच्या पावडरीच्या डब्यातला ‘अंदाजे एक स्कूप’. पोटात गेलेलं निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. त्यात मेसच्या जेवणानं पोट बिघडलं म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर कॅफीन त्याहून जास्त वेळ रेंगाळतं.

जास्त झालं की मळमळ, उलट्या, हात थरथरणं, छातीत धडधड. पुढे रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाचा ठेका बिघडतो आणि जीव जातो तो बहुधा तिथंच. अशा वेळी लिंबू सरबत पाजत बसू नका, झोपवू नका, रुग्णालय गाठा. तिथं ‘काय घेतलंय?’ असं विचारलं की सोबतची मुलं हमखास सांगतात, ‘काही नाही हो सर, दारूबिरू काही नाही.’ खरंच सांगतात; पावडर त्यांच्या लेखी ‘काही’ नसतेच. म्हणून तो डबा बरोबर न्या, चमच्यासकट. डॉक्टर त्यावरून मात्रा काढतील, आणि डायलिसिस लागणार का ते लवकर ठरेल.