गवतावर बसू नये

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मुंबईतील सार्वजनिक मोकळ्या जागा : ऋण आणि जबाबदारी’. नाव अध्यक्षांनी दिलं, मी इतकं वजनदार ठेवलं नसतं. माझं म्हणणं साधं आहे. या शहरात फुकट बसायला, आडवं व्हायला, पोरांना मोकळं सोडायला जी जागा मिळते, तिचे उपकार मानायचे असतील तर तिथे जाऊन बसा. घरच्यांना घेऊन, डबा घेऊन. कारण मुंबईत वापरात नसलेली जागा कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात भरतेच.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान घ्या. शहराला लागून १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, बिबट्यांसकट! ते काही आपल्या सहलींसाठी कोणी राखलं नाही. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. प्यायचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले. आज शहराला पाणी देणाऱ्या भातसा-वैतरणा धरणांच्या मानाने या दोन तलावांचं पाणी म्हणजे चूळ भरण्यापुरतं, पण त्यांच्या पुण्याईवर झाडं उभी राहिली. (तिथल्या पाड्यांवर आधीपासून राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला काय आलं, ते वेगळं व्याख्यान होईल. बोलावलंत तर येईन.) आणि वर, त्याच उद्यानातल्या कान्हेरीच्या प्राचीन लेण्यांत जाऊन बघा. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, पाण्याची टाकी खोदवली, लेण्यांबाहेर कातळात बसायला ओटे कोरलेत. टेकावंसं वाटलं तर टेका. तिथे कोणी शिट्टी मारत नाही.

शिट्टीवरून आठवलं. आता हे जरा लांबेल.

आमच्या उपनगरात पालिकेचं एक उद्यान आहे. नाव सांगत नाही, इथले निम्मे लोक सकाळी तिथेच चालायला जातात. डिसेंबरातला रविवार होता. सासूबाई, नणंद, तिची मुलं, आमचे हे आणि मी. सासूबाईंना बाक चालत नाही, पाय लोंबकळले की सुजतात. खाली सतरंजीवर पाय लांब करून बसल्या की त्या खूश. म्हणून झाडाखाली सतरंजी अंथरली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. डब्याचं झाकण निघतंय न निघतंय तोच रखवालदार पोराची शिट्टी वाजली.

“काकू, गवतावर नाही बसायचं.”

“मग कुठे बसायचं?”

“बाकावर.”

बाकांकडे बघितलं तर सगळे भरलेले. जोडप्यांचा राग नाही हो माझा, त्यांना तरी घरात कुठे जागा असते?

“आणि खायचं पण नाही.”

“अरे, मग इथे येऊन करायचं काय?”

त्याने खरोखर विचार केला. “चालायचं.”

“आणि चालून झालं की?”

“घरी.”

हसताय तुम्ही, पण आपल्या उद्यानांचं सगळं धोरण त्या पोराने तीन शब्दांत सांगितलं. चाला आणि निघा. पाटीसुद्धा तशीच, वरपासून खालपर्यंत नुसतं ‘नये’. बसू नये, खाऊ नये, खेळू नये, फुलं तोडू नये. फुलांचं मान्य. आणि दुपारी बारा ते तीन कुलूप. ज्या वेळी माणसाला सावली लागते, नेमक्या त्याच वेळी!

(मागच्या रांगेतल्या काकू, वेफर्स चालू द्या. सभागृहात खाऊ नये अशी पाटी आहे, ती मी वाचलेली नाही.)

तर मी भांडायच्या तयारीत होते. सासूबाईंनी मात्र त्याला विचारलं, “बाबा, तू जेवलास का?” नव्हता जेवला. बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराकडून आलेला. जेवतोस कुठे, तर म्हणाला पंपाच्या खोलीमागे, उभ्यानंच. बसलेला दिसला तर सुपरवायझर खाडा लावतो. म्हणजे इतक्या मोठ्या बागेत जो माणूस दिवसभर असतो, त्यालाच बसायची बंदी! शेवटी आम्ही सगळेच पंपाच्या खोलीमागे गेलो. सिमेंटवर सतरंजी, वर मोटारीची घरघर. त्याने चार पुऱ्या खाल्ल्या, एक डोळा फाटकावर ठेवून.

याच्या उलट आमचं शिवाजी पार्क. १९२५ साली ते मैदान लोकांना खुलं झालं, माहीम पार्क म्हणून. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचं नाव मिळालं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो भोवतीचा कट्टा. संध्याकाळी तिथे बूड टेकायला जागा मिळत नाही. नेट लावणारी पोरं, पेन्शनर, भेळ खाणाऱ्या मैत्रिणी. उद्या कोणी त्या मैदानाचा कोपरा जरी घ्यायला आलं, तरी अख्खा कट्टा उठून उभा राहील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ मुख्य मुद्दा आत्ता कुठे सुरू होतोय! पुऱ्यांनी वेळ खाल्ला.

तर भरभर सांगते. शहराच्या विकास आराखड्यात हिरवा ठिपका, म्हणजे मैदान-बागेसाठी आरक्षित जागा, दिसली की आपण निर्धास्त होतो. पण आरक्षण पडलं म्हणजे मैदान मिळालं असं नाही. खासगी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि पुढच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. मालकाला तरी किती वर्षं लटकवणार? आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवतात, महिनाभराची मुदत असते. सूचना छापून येते बारीक अक्षरात, सिटी सर्व्हे नंबरांच्या जंजाळात. ती वाचून हरकत कोण लिहिणार? ज्याचा नातू तिथे रोज बॅट घेऊन जातो तो. जिथे बसूच दिलं नाही, त्या जागेसाठी कोण कशाला धावेल? म्हणून ती शिट्टी मला नुसती उद्धटपणाची वाटत नाही, ती जागेच्या मुळावर येते.

दत्तक धोरण राहिलंच. संस्थांना मैदानं सांभाळायला द्यायची. काहींनी नीट सांभाळली, काही ठिकाणी मैदानात क्लब उभा राहिला. आणि आता नवी जागा आणायची कुठून म्हणणाऱ्यांना धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. कचऱ्याचं डम्पिंग होतं तिथे. १९९४ पासून ३७ एकरांवर झाडी आहे, खुली आहे.

घंटा झाली. बरं, थांबते. पालिकेच्या उद्यान खात्याला द्यायचा अर्ज दाराशी ठेवलाय. दुपारी फाटक उघडं ठेवा, निदान एका कोपऱ्यात खाली बसू द्या, डबा खाऊ द्या आणि रखवालदाराला खुर्ची द्या, एवढंच लिहिलंय. वॉर्ड, उद्यानाचं नाव आणि सही तुम्ही भरायची. पेन मात्र आपापलं वापरा, मागच्या व्याख्यानाला माझं गेलं ते गेलंच.