धूर उभा की आडवा?

नमस्कार, श्रोतेहो.

'काय म्हणतेय हवा?' असं आपण विचारतो, तेव्हा थंडी पडलीय की आभाळ आलंय, एवढंच आपल्याला हवं असतं. श्वासाबरोबर आत जाते तीही हवाच, पण तिची चौकशी कुणी करत नाही. शेतीच्या गावात मात्र पहिली हवाच दुसरीचं भवितव्य ठरवते. आज त्याविषयी बोलायचंय.

गेल्या डिसेंबरात मुलीचा खोकला हटेना, म्हणून हडपसरहून तिला घेऊन गावी गेलो, यवतच्या बाजूला. म्हटलं, हवापालट होईल. सकाळी साडेसहाला अंगणात आलो आणि डोळेच चुरचुरले. समोरच्या घरी पाण्याचा बंब पेटला होता. त्याचा धूर सरळ वर निघाला, पत्र्याच्या हातभर वर गेला आणि छताला टेकावा तसा आडवा पसरला. माझे चुलते, आप्पा, ओट्यावर बसले होते. म्हणाले, "धूर आडवा झालाय. नऊ-साडेनऊपर्यंत पोरीला बाहेर काढू नको."

आप्पांनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यामागचं कारण असं. एरवी जमिनीलगत हवा गरम आणि वर गार असते, त्यामुळे खालची हवा धूर घेऊन वर चढते. थंडीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन रात्रभर आपली ऊब आकाशात सोडून देते आणि तिच्यालगतची हवा वरच्यापेक्षा गार होऊन बसते. गार हवा जड, ती उठत नाही. वर उबदार हवेचं झाकण. ऊन चढून जमीन तापेपर्यंत ते निघत नाही. या जमिनीलगतच्या गारव्याचा अभ्यास आपल्या पुण्यातच झालाय, बरं का. हवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी १९३२ साली दाखवून दिलं की शांत, निरभ्र रात्री सगळ्यात गार हवा थेट मातीवर नसते, ती मातीच्या थोडी वर असते. शास्त्रज्ञ आजही त्याला 'रामदास थर' म्हणतात.

त्याच मुक्कामात एका पहाटे भुलेश्वराच्या डोंगरावर गेलो. वर लख्ख ऊन, आणि खाली सगळा ऊसपट्टा राखाडी दुलईखाली. मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचं धुराडं डोकं काढून उभं. त्याला धुकं म्हणावं, तर वास करपलेला. गुळाच्या चुलवाणात नुसतं रस काढून उरलेलं चिपाड जळत असेल तर एक वेळ ठीक. त्यात प्लास्टिक, रबर गेलं की घसाच सांगतो. शिवाय तोड झालेल्या फडातलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, संध्याकाळी पेटवायची आपली खोड. दिवसभराची कामं उरकली, वारा पडला, की लावली काडी. म्हणजे झाकण बसायच्या नेमक्या वेळी!

या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोल शिरतात. आपला केस साधारण पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण दिवसभराच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतील, असं आपलं भारतीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटना १५ वरच थांबते. पाषाण, कात्रज, हडपसरचे आकडे मोबाइलवर दिसतात, पण ते शहराचे. ते पाहून यवतकराने निर्धास्त होऊ नये. आपलं यंत्र म्हणजे समोरच्या घरचा धूर.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. दुपारी फुफाटा उडतो, वावटळी उठतात, पण तापलेली हवा उंच चढते आणि धूर पांगतो. पावसाळ्यात तर सगळंच धुऊन निघतं.

मग पाचट दुपारी जाळावं का? नको. वाऱ्याने ठिणगी शेजारच्या फडात गेली तर भांडण वेगळंच. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते खोडव्याच्या, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सरीत दाबावं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यावं. आप्पांनी यंदा एका एकरात करून बघितलं. त्यांची तक्रारही सांगतो, नाहीतर म्हणाल रेडिओवाले नुसतं गोड बोलतात: उंदीर वाढले, आणि पाचट सरीत ओढायला मजूर मिळता मिळेना. पण ओल टिकली, दोन पाणी वाचली, खुरपणीही कमी झाली. पुढच्या वर्षी दोन एकर करतो म्हणालेत.

शेजारचा बांध मात्र अजून पेटतोच. त्यामुळे हल्ली गावी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मी फोन लावतो. तब्येतीची चौकशी नंतर. आधी विचारतो, "आप्पा, धूर उभा आहे की आडवा?"