पेटी कुणाची, फोटोत कोण

मंडळी, नमस्कार. धुळ्यात जुन्या कागदांवर बोलायचं तर पहिली आठवण राजवाड्यांची निघते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं त्यांनी मिळवली आणि १९२६ साली याच गावात देह ठेवला. तशी लहानमोठी दप्तरं आपल्याही घरात आहेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, फेरफाराचा उतारा, लग्नपत्रिका, एखादा मोडीतला कागद, स्टुडिओत खुर्चीवर हात ठेवून काढलेला फोटो. आपण हे बाहेर कधी काढतो? जात पडताळणीची वेळ आली की. दोन दिवस घर उलथंपालथं होतं, हवा तो कागद सापडतो, बाकीचं पुन्हा ट्रंकेत जातं.

मी आमच्या घरचे फोटो संगणकावर घ्यायला बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी एक मोठी चूक केली. आडनावांचे फोल्डर केले. आमचं आडनाव, आजोळचं आडनाव, आत्यांच्या सासरची आडनावं. तीन पेट्यांतले फोटो एकत्र ओतले आणि आडनावाप्रमाणे वाटून टाकले. महिनाभराने एका फोटोवर अडलो. ओळीत बसलेली पाच माणसं, एकही ओळखू येईना. तो आजीच्या पेटीतला आहे एवढं जरी कळलं असतं तरी ती तिच्या माहेरची माणसं असावीत, असा माग लागला असता. पण पेट्या मीच मोडल्या होत्या. ती माहिती पुन्हा जुळवता आली नाही, याची हळहळ मला आजही आहे.

म्हणून माझं पहिलं आणि आग्रहाचं सांगणं: सगळ्यात वरचा फोल्डर पेटीचा करा. ‘आजीची पेटी’, ‘सुरतच्या काकांचा अल्बम’, ‘भुसावळच्या मामांकडची पाकिटं’. कामासाठी आपली निम्मी माणसं सुरतेला गेली, त्यांच्याबरोबर फोटोही गेले, तेव्हा हे फोल्डर वाढत जाणार. पेटीतला क्रम आहे तसाच ठेवा, एका पाकिटातले सहा फोटो एकत्रच राहू द्या. प्रत्येकाला नंबर द्या आणि तोच नंबर मूळ फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आडनावाप्रमाणे, गावाप्रमाणे, लग्नाप्रमाणे शोधायची सोय नंतर टॅग, म्हणजे फोटोला जोडलेली शोधचिठ्ठी, लावून होते. डिजिकॅम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एका फोटोला हवे तितके टॅग देता येतात. टॅग फाइलच्या आतच लिहिण्याचा पर्याय त्यात आहे, तो सुरू करा. म्हणजे फाइल कुठेही गेली तरी नाव तिच्याबरोबर जाईल.

आता नावांकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. आपल्याकडे फोटोच्या मागे काय लिहिलेलं असतं? ‘नाना, आप्पा व बापू.’ खानदेशात नाना नाही असं घर दाखवा! लिहिणाऱ्याला ते पुरेसं होतं. त्याच्या नातवाला त्यातून काहीच कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नाना वेगळेच. तेव्हा पूर्ण नाव, कंसात हाकेचं नाव, आणि ओळख कुणी सांगितली तेही लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही राहू द्या.

बायकांची तर याहून अवघड गत. लग्नात आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, पुष्कळदा पहिलंही बदललं. एकच बाई माहेरच्या फोटोत एका नावाने आणि सासरच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच नावाने असते. आडनावाचे फोल्डर केले की तिचे दोन तुकडे होतात. माझ्याकडे एका लग्नातला फोटो आहे. मागे सात पुरुषांची नावं व्यवस्थित लिहिली आहेत. डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या चार बायकांपैकी एकीचंही नाव नाही. वडिलांच्या पारोळ्याच्या आत्याला तो दाखवला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि एकीवर बोट ठेवून अहिराणीत म्हणाली, ‘हाई मनी माय शे.’ ही माझी आई. आमच्या पणजीचा तेवढा एकच फोटो निघाला. आत्याचा तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड झाला होता. आवाजाच्या फाइलला मी फोटोचाच नंबर दिला आणि शेजारी ठेवली. तुम्हीही असं करा. प्रमाण मराठीत लिहून काढाल ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पण बोलणं अहिराणीतलं, लेवा गणबोलीतलं, जसं आहे तसं राहू द्या.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग गाव, शेवटी पेटीचं नाव आणि नंबर: ‘१९५२-०२_पारोळा_आजी-०४७’. संगणक फाइलवर जी तारीख दाखवतो ती स्कॅन केल्याची असते, लग्नाची नव्हे. पत्रिकेवर शके असेल तर ७८ मिळवा, आणि लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९. माघ शके १८७३ म्हणजे १९५२. वर्ष अंदाजाने धरलं असेल तर नावातच ‘अंदाजे’ लिहा. गावाचंही तसंच. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९६० मध्ये त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्यामुळे कागदावर ‘तळोदे, पश्चिम खानदेश’ असेल तर ते तसंच उतरवा आणि पुढे आजचा जिल्हा लिहा.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तितक्या ठिपक्यांना, पुरतो, छोटा फोटो ६०० ला घ्या. मूळ प्रत टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, वाटायला जेपीजी प्रकारची करा, कारण जेपीजी बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी बिघडते. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं आणि त्यातली नावंही गळतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात: संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मुलाकडे.

हे काम कधी करायचं, असं मला विचारतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करा. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, तीन पिढ्यांच्या बायका एका घरात असतात. अनोळखी फोटो आधी मोठे छापून ठेवा, प्रत्येकावर नंबर घाला. दुपारी गौराईची गाणी म्हणून, झोके घेऊन झाले की ओसरीवर ते मांडा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा, आणि तिला मधे कुणी टोकू नका.