गरम असतानाच पकडायचा फॉल्ट

ही १९८४ची प्रीमियर पद्मिनी. रंग झालाय, सीटा झाल्यात, बंपरचं क्रोम परत करून आणलंय आणि सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन सुरू होतं, बघणाऱ्याला वाटेल झालं काम. पण हीच गाडी मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात झटके खायला लागते, पिकअप सोडते आणि बंद पडते, आणि अर्ध्या तासाने कुणी काही न करता परत सुरू होते. जुन्या गाडीत यापेक्षा वैताग आणणारा फॉल्ट नाही, कारण गॅरेजला पोचेपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, १९७४पासून पद्मिनी नाव लागलं आणि २०००च्या सुमारास बनणं बंद झालं. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, पॉइंटवालं डेल्को (प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, त्यातले पॉइंट करंट जोडतात-तोडतात), बस. स्कॅनर लावून कोड वाचायची सोयच नाही, जे काय आहे ते डोळ्याने, कानाने आणि क्रमाने शोधायचं.

घाटात बंद पडली की जुने लोक एकच सांगतात, एसी पंपावर, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर, ओलं फडकं टाका, पेट्रोलची वाफ झालीय. आणि ते खरंही असू शकतं, पंप इंजिनलाच बसलेला असतो, उन्हात चढावर पाईपमध्ये पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. पण फडकं टाकून माणूस थांबतो किती, वीस-पंचवीस मिनिटं! तेवढ्यात पंपाबरोबर प्लगला व्होल्टेज देणारी कॉईलही गार होते, डेल्कोचा कंडेन्सरही गार होतो, म्हणजे गाडी सुरू झाली तरी फॉल्ट कुणाचा होता हे कळतच नाही. या गाडीचंही तेच झालं, आधीच्या एका गॅरेजमध्ये पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला, बिल झालं, घाटात गाडी परत तिथेच उभी.

मग गाडी नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींकडे आली, सगळे त्यांना मामाच म्हणतात. गाडी गॅरेजमध्ये आली तरी त्यांनी पाना उचलला नाही. गाडी घेऊन आलेल्या ताईंना म्हणाले, "ताई, गार गाडी खोटं बोलते. भर दुपारी घाट उतरू, लगेच वर येऊ, जिथे बंद पडेल तिथेच बघू." सोबत घेतलं काय, तर एक चांगला प्लग, पारदर्शक बाटली, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक कंडेन्सर.

इगतपुरीच्या अलीकडे गाडी थांबली. आता हे नीट बघा. मामांनी आधी करंट बघितला, प्लगची वायर काढून सोबतच्या प्लगला लावली, प्लगची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवली आणि ताईंना सेल्फ मारायला सांगितलं. निळी, कडकडीत ठिणगी पडायला हवी होती, पडली पिवळट, बारीक, आणि तीही मधेच गायब. तरी लगेच निकाल दिला नाही. कॉईलची मेन वायर काढून ठेवली म्हणजे ठिणगीचा प्रश्न नको, कार्बोरेटरकडे जाणारा पाईप बाटलीत सोडला आणि परत सेल्फ मारला, तर पेट्रोल गचके देत व्यवस्थित येत होतं. म्हणजे वाफेचा संशय तिथेच संपला, ज्या पंपावर एवढा खर्च झाला तो बिचारा निर्दोष!

डेल्कोची टोपी उघडली तर पॉइंट काळे-निळे पडलेले. पॉइंट उघडतो तेव्हा कॉईलमधला करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो, तो झटका कंडेन्सर स्वतःत घेतो म्हणून कॉईलमधला करंट एकदम तुटतो आणि प्लगला जोरदार व्होल्टेज मिळतं. कंडेन्सर गरम होऊन लीक झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच जळत बसते. अंगठ्याएवढा पार्ट, क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड, गार असला की शहाण्यासारखा वागतो. मामांनी सोबतचा कंडेन्सर जोडला, पॉइंट घासून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप लावला, आणि इंजिन तसंच तापलेलं असताना, फडकं न टाकता, गाडी सुरू झाली. कॉईल बदलायची गरजच पडली नाही.

माझ्या मते रिस्टोरेशनमधलं सगळ्यात मोलाचं काम हेच, पार्ट बदलायच्या आधी एक-एक संशयित बाजूला काढणं. त्यात आता पार्टचीही मारामार आहे, ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्यामुळे चांगला जुना पार्ट मिळाला तर उगाच काढून फेकू नका.

पेट्रोल लाईन निर्दोष सुटली तरी मामांनी जुने रबरी पाईप बदललेच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, तेवढा नवाच होता.

एक काम अजून बाकी आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, घेतलं तर तीन नंबरचा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा कमी भरला, प्लगच्या भोकातून थोडं ऑईल टाकून परत घेतलं तरी आकडा वाढला नाही. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर ऑईलने वाढला असता, म्हणजे संशय व्हॉल्व्हवर. आधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप बघायचा, त्यात भागलं नाही तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, इंजिन पूर्ण खोलायचं नाही.